शरीरक्रियाविज्ञानातील पीएच.डी. : परदेशातील प्रयोगशाळेचे दार कसे शोधावे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, लसीकरण अशा विषयांवरील लेख येतात, आणि ते यावेतच. यंदा संपादक मंडळाने विषयाची मोकळीक दिली, म्हणून थोड्या आडवाटेच्या विषयावर लिहीत आहे. मोरजी, मांद्रे, हरमल, तुये या परिसरातील ज्या बालकांना मी पहिली लस टोचली, त्यांतील कित्येक आता एम.बी.बी.एस., बी.एस्सी. अथवा बी.फार्म. होऊन पुढे काय करावे या विचारात आहेत. त्यांचे पालक नातवंडांना घेऊन दवाखान्यात येतात, तपासणी झाल्यावर क्षणभर रेंगाळतात आणि मग हळूच विचारतात, ''डॉक्टर, चेडवाक भायर शिकपाक धाडपाचें आसा, पूण खर्च कितलो येतलो?'' या प्रश्नाचे एक उत्तर बहुतेकांना ठाऊकच नसते. पीएच.डी.साठी, विशेषतः शरीरक्रियाविज्ञानासारख्या मूलभूत विषयातील पीएच.डी.साठी, हुशार विद्यार्थ्याने खर्च करायचा नसतो. त्याला वेतन अथवा विद्यावेतन मिळायला हवे. ते कोण देते, कसे मिळते आणि त्यासाठी दार कोणते ठोठवायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शरीरक्रियाविज्ञान, म्हणजे आपण सारे ज्याला 'फिजिऑलॉजी' म्हणतो तो विषय, आपल्याकडे पहिल्या वर्षी पाठ करायचा आणि नंतर विसरायचा अशी समजूत आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या यादीत ही शाखा अगदी तळाशी असते. 2023 साली नीट-पीजी प्रवेशासाठीची पात्रतेची पर्सेंटाइल शून्यावर आणावी लागली, आणि रिकाम्या राहणाऱ्या जागांत मोठा वाटा अशाच प्रयोगशाळेतील शाखांचा होता. ''काही मिळाले नाही म्हणून फिजिऑलॉजी घेतली'' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या वाक्याचा राग येतो, त्याचे कारण सांगतो.

जुलाबाने सुकलेल्या बाळाला आपण जे मीठ-साखरेचे पाणी पाजतो, त्यामागे आतड्याच्या पेशीचे एक गुपित आहे. ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग येथील परिषदेत मांडली. क्रेन यांच्यापुढे तेव्हा कॉलरा नव्हता. त्यांना साखर आत कशी शिरते एवढेच हवे होते. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेच तत्त्व वापरून हजारो जीव वाचवले. दुसरे उदाहरण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या श्वासाचे. 1957 साली जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातील द्रावाचा पृष्ठताण मोजला, 1959 साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी अशा बाळांच्या फुप्फुसात तो ताण कमी करणारा पदार्थच नसतो हे दाखवले, आणि 1980 साली जपानमधील फुजिवारा यांनी दहा बाळांना तो पदार्थ बाहेरून दिला. आज आपण नवजात कक्षात सर्फॅक्टंटची कुपी उघडतो, तेव्हा या सर्वांचे ऋण घेत असतो. तेव्हा 'काही मिळाले नाही म्हणून' घेण्याचा हा विषय नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. एम.डी. फिजिऑलॉजी आणि पीएच.डी. यांत आपल्या समाजात नेहमी गल्लत होते. एम.डी. ही तीन वर्षांची, शिक्षकपदाकडे नेणारी पदवी. तिच्यात प्रबंध असतो, पण तो अभ्यासक्रमाचा एक भाग असतो. पीएच.डी.मध्ये प्रबंध हाच अभ्यासक्रम. तीन ते सहा वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे राहायचे, आणि शेवटी त्या प्रश्नाविषयी जगात पूर्वी नसलेले काहीतरी सांगायचे. म्हणूनच परदेशातील प्रयोगशाळा पीएच.डी.च्या उमेदवाराकडे शुल्क भरणारा विद्यार्थी म्हणून क्वचितच पाहते; तो तिचा कनिष्ठ सहकारी असतो. ''कोणते विद्यापीठ चांगले?'' हा प्रश्न एम.बी.ए.ला योग्य असेल. येथे विचारायचे ते असे की, मला ज्या प्रश्नात रस आहे त्यावर आज कोण काम करीत आहे, त्याच्याकडे त्या कामासाठी अनुदान आहे काय, आणि मला घेण्यासारखे माझ्या हाती काय आहे?

ही रीत काही आजची नाही. आपल्या मराठी माणसांनीच ती पूर्वी यशस्वी करून दाखवली आहे. अमरावतीचे डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित हे पुढे 1956 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले, एवढे अनेकांना माहीत असते. त्याआधीची त्यांची वाट अधिक बोधप्रद आहे. कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्याबरोबर त्यांनी औषधी वनस्पतींतील द्रव्यांवर काम केले. दारुहळदीत सापडणाऱ्या बर्बेरिनवरील त्यांचा संयुक्त शोधनिबंध 1932 चा आहे. चोप्रा स्वतः केंब्रिजमध्ये डिक्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे दीक्षित एडिंबराला गेले तेव्हा त्यांच्यापाशी छापील काम होते आणि तिकडच्या मंडळींना ठाऊक असलेल्या गुरूचे नाव होते. एडिंबरात त्या काळी ए. जे. क्लार्क यांच्यासारखा औषधविज्ञानाचा प्राध्यापक होता. 1934 साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त दीक्षितांचे ॲसिटिलकोलीनच्या मेंदूवरील परिणामाचे काम प्रसिद्ध झाले. मांजराच्या मेंदूतील पोकळीत हे द्रव्य सोडले असता झोपेसारखी अवस्था येते, असे त्यांनी दाखवले. मेंदूतील रासायनिक संदेशवहन ही कल्पना सर्वमान्य होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

दुसरे नाव डॉ. कमला सोहोनी यांचे, माहेरच्या भागवत. त्यांचा विषय जीवरसायन. पण केंब्रिजमधील हा विषय शरीरक्रियाविज्ञानाच्याच घरात जन्मला. ज्यांच्या विभागात त्या गेल्या त्या फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांना 1898 साली केंब्रिजला आणले ते शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून कमलाबाईंना सर सी. व्ही. रामन यांनी प्रथम नाकारले, मग अटी घालून घेतले, ही कथा सर्वश्रुत आहे. माझ्या दृष्टीने त्यापुढचा भाग महत्त्वाचा. बंगलोरला त्यांनी दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून 1936 साली एम.एस्सी. मिळवली. त्या कामाच्या बळावर शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि त्या 1937 साली केंब्रिजला गेल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळले. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. प्रबंधाच्या जाडीवर संशोधनाचे मोल करणाऱ्या आपल्याकडील काही मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

दोघांच्याही बाबतीत तीन गोष्टी जमून आल्या होत्या. जाण्यापूर्वीच काही काम झाले होते, कोणाकडे जायचे ते नेमके ठाऊक होते आणि पैशाची तरतूद वेगळी झाली होती. आजच्या विद्यार्थ्यालाही या तिन्ही गोष्टी जुळवाव्या लागतात. फक्त साधने बदलली आहेत.

प्रथम शोध. येथे पहिली अडचण नावाची येते. 'फिजिऑलॉजी' हे नाव आता अनेक विद्यापीठांच्या पाटीवरून एकट्याने उतरले आहे. ऑक्सफर्डमध्ये ते शरीररचना व आनुवंशिकी यांच्याबरोबर एका विभागात आहे, केंब्रिजमध्ये विकासजीवशास्त्र व चेताविज्ञानाबरोबर, स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत औषधविज्ञानाबरोबर. अमेरिकेत ते 'मॉलिक्युलर फिजिऑलॉजी अँड बायोफिजिक्स', 'कार्डिओव्हॅस्क्युलर सायन्सेस', 'न्यूरोसायन्स', कधी 'कायनेसिऑलॉजी' अशा नावांखाली सापडते. केवळ विभागाच्या नावावरून शोध घेणारा विद्यार्थी निम्म्याहून अधिक प्रयोगशाळांना मुकतो. त्यापेक्षा उलटा मार्ग बरा. आपल्याला आवडलेला विषय घ्यावा, 'पबमेड'वर त्यावरील गेल्या तीन-चार वर्षांतील शोधनिबंध काढावेत आणि लेखकांच्या यादीतील शेवटचे नाव पाहावे. आपल्या शास्त्रांत शेवटचे नाव बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते आणि पहिले नाव बहुधा काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे. वीस-पंचवीस निबंध पाहिले की तीच ती पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. तीच आपली यादी.

त्यानंतर त्यांच्याकडे अनुदान आहे की नाही ते पाहावे. हे करता येते, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची सर्व अनुदाने 'रिपोर्टर' या तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात; कोणाला, कशासाठी, किती आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे सारे तेथे असते. ब्रिटनचे 'गेटवे टू रिसर्च' आणि जर्मनीचे 'गेप्रिस' हीही तशीच सूची. ज्या प्राध्यापकाचे अनुदान पुढच्या सहा महिन्यांत संपणार आहे आणि नवे आलेले नाही, तो कितीही नामवंत असला तरी नव्या विद्यार्थ्याला घेण्यास कचरेल. ज्याला नुकतेच पाच वर्षांचे अनुदान मिळाले आहे तो हात शोधत असतो. नवीन प्रयोगशाळा थाटणाऱ्या तरुण प्राध्यापकांकडे आपली मुले वळत नाहीत, त्यांना मोठी नावे हवी असतात. माझे मत उलट आहे. तरुण प्राध्यापक स्वतः शेजारी उभा राहून हात धरून शिकवतो. मोठ्या नावाच्या प्रयोगशाळेत तुमचे नाव त्याला कळायलाच वर्ष जाते.

प्रश्न कोठून आणावा, असे कोणी विचारील. दूर जाण्याची गरज नाही. आपल्या मोरजीच्या टेंबावर ऑलिव्ह रिडली कासवे अंडी घालतात आणि वनखाते ती राखते. त्या अंड्यातून नर बाहेर पडेल की मादी, हे गुणसूत्रांवर ठरत नाही. वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. तापमानाची ही खूण भ्रूणाच्या पेशींना कशी कळते, हा अस्सल शरीरक्रियाविज्ञानाचा प्रश्न असून जगातील अनेक प्रयोगशाळा त्यावर काम करीत आहेत. येथील प्राणिशास्त्राची एखादी विद्यार्थिनी वनखात्याच्या परवानगीने दोन हंगाम वाळूचे तापमान शास्त्रशुद्ध नोंदवील, तर तिच्या पत्रात असे काही असेल जे दुसऱ्या शंभर जणांच्या पत्रांत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत रुग्णकक्षातील निरीक्षण हेच काम करते.

आता पत्र. याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गेल्या काही वर्षांत अशी पत्रे मी मुलांच्या आग्रहावरून वाचली आहेत आणि त्यांतील बहुतेक एकाच साच्यातील होती. आरंभी 'रिस्पेक्टेड सर', मग आपण लहानपणापासून विज्ञानाचे वेडे असल्याचे निवेदन, मग आपल्या गुणांची टक्केवारी, आणि शेवटी ''आपल्या सन्माननीय प्रयोगशाळेत कोणत्याही विषयावर काम करण्यास मी तयार आहे.'' हेच पत्र नाव बदलून ऐंशी जणांना पाठवलेले असते. कित्येकदा नाव बदलायचेही राहून जाते. 'कोणत्याही विषयावर' या शब्दांना आपण नम्रता समजतो. वाचणाऱ्याला त्यात इतकेच दिसते की या उमेदवाराने आपले काहीही वाचलेले नाही. शिवाय 'सर' म्हणून ज्यांना लिहिले त्या अनेकदा बाई असतात.

चांगले पत्र पंधरा-वीस ओळींचे असते. पहिल्या दोन-तीन ओळींत आपण कोण, काय शिकलो आणि केव्हापासून पीएच.डी. सुरू करू इच्छितो ते. मग त्यांच्या एका विशिष्ट निबंधातील एका विशिष्ट निष्कर्षाविषयी आपला प्रश्न किंवा शंका. स्तुती नको, शंका हवी. तुमच्या शंकेवर विचार करावासा वाटला तरच तो प्राध्यापक उत्तर लिहील. नंतर आपल्याला हाताने काय करता येते ते: पेशीसंवर्धन, ईसीजीचे पृथक्करण, संख्याशास्त्राची एखादी संगणक-भाषा, प्राण्यांवरील प्रयोगांचे प्रशिक्षण, जे खरे असेल ते. शेवटी थेट विचारणा, की पुढील शैक्षणिक वर्षी आपल्याकडे परदेशी विद्यार्थ्यासाठी अनुदानित जागा असण्याची शक्यता आहे काय, आणि नसल्यास आपल्या पाठिंब्याने मी कोणत्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करू शकेन. सोबत दोन पानांचा परिचय. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा स्मरणपत्र पाठवावे, पुन्हा पुन्हा नाही. दहा नेमक्या पत्रांतून दोन उत्तरे आली तरी ते यश समजावे.

शिफारसपत्रांबद्दल एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ''तूच मसुदा करून आण, मी सही करतो'' ही पद्धत आपल्या महाविद्यालयांत सर्रास चालते. अशी तीन पत्रे एकाच हातची असल्याचे तिकडे पहिल्या वाचनातच कळते. आपल्या समाजातील जी डॉक्टर मंडळी अध्यापनात आहेत त्यांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यासाठी अर्धा तास काढून त्याने केलेल्या एका प्रत्यक्ष कामाचे चार ओळींत वर्णन स्वतः लिहावे. विभागप्रमुखाच्या कोऱ्या प्रशंसेपेक्षा, ज्याच्या हाताखाली सहा महिने काम केले त्या साध्या व्याख्यात्याचे असे पत्र अधिक वजनदार ठरते.

पैशाची व्यवस्था देशागणिक निराळी आहे. अमेरिकेत अर्ज प्राध्यापकाकडे न करता विद्यापीठाच्या कार्यक्रमाकडे करतात. मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, निवड झालेल्यांनी होकार कळवण्याची रूढ तारीख 15 एप्रिल. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत आळीपाळीने काम करून मग मार्गदर्शक ठरतो. शुल्क माफ आणि विद्यावेतन, अशी तेथील रीत असून एकूण पाच-सहा वर्षे लागतात. जी.आर.ई. परीक्षा अनेक कार्यक्रमांनी आता सोडून दिली आहे. येथे एक बारकावा आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची प्रशिक्षण-अनुदाने फक्त तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना मिळतात. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचे वेतन प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानातून किंवा विद्यापीठाच्या निधीतून यावे लागते, आणि म्हणून परदेशी जागा मोजक्या असतात. 2025 साली केंद्रीय अनुदानांतील कपातीमुळे काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले, तर काहींनी दिलेले प्रवेश मागेही घेतले. अमेरिका हे एकच दार धरून बसू नये, असे मी आता सर्वांना सांगतो.

ब्रिटनमध्ये पीएच.डी. तीन ते चार वर्षांत होते. तेथे जागा जाहिरातीतून भरतात. 'फाइंड-ए-पीएचडी' या संकेतस्थळावर त्या पाहता येतात. सरकारी अनुदानातील जागा 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही मर्यादित प्रमाणात खुल्या झाल्या आहेत. पण परदेशी आणि स्थानिक शुल्कातील फरक कोण भरणार, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते व तेच आधी वाचावे. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार संपूर्ण कालावधीसाठी आगाऊ भरावा लागतो, हा खर्च घरून निघतानाच हिशोबात धरावा. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती, वेलकम ट्रस्टचे कार्यक्रम हे वेगळे मार्ग आहेत. स्पर्धा तीव्र आहे.

मध्यमवर्गीय घरातील मुलांसाठी मला सर्वांत सरळ वाटतो तो जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांचा मार्ग. तेथे पीएच.डी. म्हणजे बहुतेक वेळा चक्क नोकरी. जागा जाहीर होते, मुलाखत होते, करार होतो, पगार मिळतो, त्यातून कर कापला जातो. उमेदवार कोणत्या देशाचा, यावर पगार बदलत नाही. 'यूरॅक्सेस' या युरोपीय संकेतस्थळावर आणि मॅक्स प्लांक संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन विद्यालयांच्या पानांवर अशा जागा वर्षभर येत असतात. पदव्युत्तर पदवीची अट मात्र येथे कडक असते. एम.बी.बी.एस.ला तिच्या समकक्ष मानायचे की नाही, हे ते ते विद्यापीठ ठरवते, म्हणून अर्जापूर्वी लेखी विचारावे. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर तर येथे प्रयत्नच करू नये, एम.एस्सी. पुरी करावी. डॉक्टरांनी आणखी एक लक्षात ठेवावे: जर्मनीतील 'डॉ. मेड.' ही पदवी निराळी, ती तेथील वैद्यकीय विद्यार्थी अल्प संशोधनावर घेतात. आपल्याला हवी ती पीएच.डी. किंवा 'डॉ. रेर. नाट.'

ऑस्ट्रेलियात आधी मार्गदर्शकाची संमती व मग सरकारी संशोधन-शिष्यवृत्ती असा क्रम आहे. जपानचे शासन परदेशी संशोधकांना शिष्यवृत्ती देते, आणि ओकाझाकी येथे केवळ शरीरक्रियाविज्ञानाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. भाषेच्या भीतीने आपली मुले तिकडे पाहत नाहीत, हे नुकसानच. मुंबईच्या आय.आय.टी.ची आणि मोनाश विद्यापीठाची 2008 पासून संयुक्त पीएच.डी. आहे. घर न सोडता अर्धे पाऊल बाहेर टाकायचे असेल त्यांनी तिचा विचार करावा.

भारत सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची माहिती आपल्या भागात पोचलेलीच नाही. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या कुटुंबांतील मुलांसाठी वर्षाला 125 जागा आहेत. अनुसूचित जमातींसाठी जनजातीय कार्य मंत्रालयाची 20 जागांची स्वतंत्र योजना आहे. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीतील शिक्षक व डॉक्टरांनी ही माहिती घरोघर सांगण्याजोगी आहे. सर्वसाधारण घरांसाठी 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. राज्य शासनाच्या योजनांची त्या त्या वर्षाची अट पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयात प्रत्यक्ष जाऊन पाहावी.

आता आपल्या गोव्यापुरताच असलेला एक प्रश्न. 19 डिसेंबर 1961 पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येत असल्याने, ''मुलाला शिकायला पाठवायचे आहे, तर पोर्तुगीज पासपोर्ट काढू का?'' असे मला अनेकदा विचारले जाते. हा प्रत्येक घराचा निर्णय आहे आणि त्यात नीती-अनीती शोधणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु केवळ पीएच.डी.साठी हे पाऊल उचलणाऱ्यांनी हिशोब नीट करावा. युरोपीय संघाच्या देशांत त्याने निवासाचा परवाना लागत नाही, हे खरे. मात्र ज्या देशांत पीएच.डी. ही पगारी नोकरी आहे, तेथे भारतीय पासपोर्टवरही तोच पगार मिळतो. ब्रिटनमध्ये 2021 च्या शैक्षणिक वर्षापासून नव्याने येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांनाही सामान्यतः परदेशी शुल्कच लागू झाले आहे, म्हणजे ज्या कारणासाठी पूर्वी अनेकजण हा पासपोर्ट काढीत ते कारणच उरलेले नाही. उलट बाजूला, परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच आपल्या कायद्याने भारतीय नागरिकत्व संपते. त्याबरोबर वर सांगितलेल्या सर्व भारतीय शिष्यवृत्त्या आणि परतल्यावर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील नोकरीचा मार्गही अवघड होतो. चार वर्षांच्या अभ्यासासाठी आयुष्यभराचा दाखला बदलू नये, असे मी तरी सांगतो.

परत येण्याचा विषय निघालाच आहे. डॉ. बाळकृष्ण आनंद येलला गेले, 1951 साली ब्रोबेक यांच्याबरोबर त्यांनी मेंदूतील भुकेच्या केंद्राचा शोध लावला आणि परत येऊन दीक्षितांच्याच संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचा विभाग उभारला. डॉ. अवतारसिंग पैंतल रॉकफेलर शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले, तेथे पीएच.डी. केली, परतले आणि फुप्फुसातील 'जे रिसेप्टर' हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. आजच्या मुलांनी परत यावेच, असा आग्रह मी धरत नाही. मात्र जो डॉक्टर पाच वर्षे प्रयोगशाळेत घालवील त्याचा रुग्णांवरचा हात मोडेल, तिशी उलटेपर्यंत मिळकत बेताची राहील आणि सोबतीचे मित्र तोवर स्वतःचे रुग्णालय बांधून बसतील, हे त्याला आधी माहीत असावे. मुलींच्या बाबतीत लग्नाचा प्रश्न घरचे काढतातच. त्यांना मी कमलाबाईंचे उदाहरण देतो: त्यांचे लग्न 1947 साली झाले, पीएच.डी.नंतर आठ वर्षांनी. येथे शिकवण्यासाठी लागणाऱ्या पात्रतेचे राष्ट्रीय नियमही वेळोवेळी बदलतात. ज्याला परतून अध्यापन करायचे आहे त्याने निघण्यापूर्वी ते वाचून ठेवावेत.

प्रवेश मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना पीएच.डी.च्या बाबतीत काहीही काम नसते, कारण निवड प्राध्यापक करतो आणि त्याला मध्यस्थ नको असतो. जागा देऊ केलेल्या प्रयोगशाळेतील दोन आजी-माजी विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. त्यांना विचारायचे ते एवढेच: येथे विद्यार्थी सरासरी किती वर्षांत सुटतो, आणि मध्येच किती जण सोडून गेले? तिसरा प्रश्न बहुधा विचारावा लागत नाही. उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळावरूनच पुष्कळ कळते.

पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात ज्यांना निघायचे आहे त्यांनी यंदाच्या जूनपर्यंत वाचन आणि यादी, चतुर्थीपूर्वी पत्रे, दिवाळीच्या सुमारास इंग्रजीची परीक्षा आणि नोव्हेंबरअखेर अर्ज, असा क्रम धरावा. कोणाला पत्राचा मसुदा दाखवायचा असल्यास शनिवारी दुपारनंतर दवाखान्यात यावे. येताना ज्यांना पत्र लिहायचे आहे त्यांचे दोन शोधनिबंध छापून आणावेत, आणि ते वाचलेले असावेत.